रुमालाखालची बोटे



या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी माझी निवड एकमताने झाली, असे चिटणिसांनी फोनवर कळवले. आनंद झाला. पण जुनी खोड जात नाही, म्हणून मी दोन प्रश्न विचारले. बैठकीला किती जण होते? नऊ. माझे नाव आधी कोणी घेतले? कार्याध्यक्षांनी. तिसरा प्रश्न मी गिळला, कारण पद हातचे जायचे. उरलेल्या आठांच्या मनात कोणाचे नाव होते, हा तो प्रश्न. आज मी त्याच प्रश्नावर बोलणार आहे.

तज्ज्ञांकडून निर्णयाला उपयोगी पडेल असे एक मत कसे काढून घ्यायचे, याचे गेल्या सत्तर वर्षांत एक शास्त्र उभे राहिले आहे. वैद्यक, पर्यावरण, शिक्षण, संरक्षण, सगळीकडे ते वापरात आहे. आपल्याकडे ते मुख्यतः प्रबंधांतून आले. 'सर, डेल्फी करायची आहे, वीस तज्ज्ञ मिळवून द्या,' असे म्हणणारा विद्यार्थी तुमच्याही दारात आला असेल. मी त्याला तज्ज्ञांची नावे देत असे. अलीकडे आधी एक गोष्ट सांगतो, मग नावे देतो. ती गोष्ट तुम्हालाही सांगतो.

माझे वडील तलाठी होते. गाव दुष्काळी पट्ट्यातले. पिकाची पैसेवारी लावायची वेळ आली की चावडीत बैठक बसायची. व्यवहारात पैसे येऊन वर्षे झाली होती, तरी तोंडी शब्द आणेवारीच. तरुण मित्रांसाठी सांगतो: चांगल्या वर्षीचे पीक रुपयाभर धरायचे आणि यंदाचे त्याच्या किती पैसे, ते ठरवायचे. आकडा पन्नासच्या आत आला तर वसुलीला स्थगिती, सारासूट, इतर सवलती. एकेका पैशाला किंमत होती. तलाठी, ग्रामसेवक, सरपंच, सोसायटीचे अध्यक्ष आणि दोन-चार जाणते शेतकरी असे लोक बसत. सरपंच खाकरून एक आकडा सांगत आणि बाकीचे री ओढत. मग सर्वानुमते म्हणून तो कागदावर उतरे.

१९७२ च्या मोठ्या दुष्काळाच्या आधीचे एक वर्ष. बैलबाजारात उमर गेलेला एक म्हातारा शेतकरी वडिलांना म्हणाला, "तात्या, रुमाल टाका की." बैलबाजारात हेडी कसा सौदा करतो, हे इथल्या पुष्कळांनी पाहिले असेल. हातावर रुमाल टाकायचा, आत बोटे दाबायची, किंमत फक्त दोघांना कळते आणि भोवती उभे असलेले ताटकळतात. वडिलांनी खरेच रुमाल टाकला. एकेकाचा हात हातात घेऊन आकडा समजून घेतला आणि वहीत मांडला. आकडे निघाले तीसपासून साठपर्यंत. सरपंचांचा आकडा एका टोकाला होता. त्याच्या जवळपासही कोणी नव्हते आणि तरीही दरवर्षी सगळे त्याच आकड्यावर सह्या करत होते. पुढे त्या वर्षी काय ठरले, ते मला आठवत नाही. वहीत उभे मांडलेले ते आकडे मात्र आठवतात.

वडिलांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण हाच उद्योग अमेरिकेत सँटा मोनिकाच्या रँड कॉर्पोरेशनमध्ये त्यांच्या आधी झाला होता. नॉर्मन डाल्की आणि ओलाफ हेल्मर यांनी तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला केला. विषय लष्करी असल्याने निबंध प्रसिद्ध व्हायला १९६३ उजाडले. प्रश्न थरकाप उडवणारा होता. अमेरिकेचे युद्धसाहित्याचे उत्पादन पाऊण हिश्शाने खाली आणायला सोव्हिएत युद्धनीतिज्ञाला किती अणुबाँब लागतील? तज्ज्ञ सात. त्यांना समोरासमोर आणलेच नाही. प्रश्नावल्या पाच, मधे साधारण आठवड्याचे अंतर. पहिल्या फेरीत उत्तरे ५० पासून ५,००० पर्यंत होती. शेवटी दुरुस्त्या करून ती १६७ ते ३६० या पट्ट्यात आली. शंभरपटीचे अंतर दुपटीवर आले. या पद्धतीला नाव मिळाले डेल्फी, ग्रीसमधल्या त्या भविष्य सांगणाऱ्या देवळावरून. अंगात आल्याचा वास येणारे हे नाव खुद्द डाल्कींना फारसे रुचले नव्हते, आणि मला त्यांचे पटते.

इथे मी थांबतो, कारण माझ्या मते पुढच्या साठ वर्षांच्या संशोधनाची सगळी भानगड या एका निकालात आहे. आकडे जवळ आले हे खरे. पण ते बरोबर आकड्याच्या जवळ आले का? या प्रश्नाचे उत्तर तपासायची सोय नव्हती, आणि देवाची कृपा की ती कधी झाली नाही. तरीही जवळ येणे म्हणजेच यश, अशी समजूत त्या दिवसापासून रुजली.

शेजारी दुसरे उदाहरण ठेवू. १९०६ साली इंग्लंडमध्ये प्लिमथच्या जनावरांच्या प्रदर्शनात एका बैलाचे कापून साफ केल्यावरचे वजन ओळखायची पैज होती. सहा पेनीचे तिकीट घ्यायचे, आकडा लिहायचा, पेटीत टाकायचा. फ्रान्सिस गाल्टनने नंतर ती तिकिटे मागून घेतली. वाचता येण्याजोगी निघाली ७८७. मध्यक आला १,२०७ पौंड, सरासरी १,१९७ आणि खरे वजन १,१९८. ही हकिकत समूहाच्या शहाणपणाची म्हणून सांगतात, पण तिचे दोन तपशील सहसा गाळतात. एक, तिकिटाला पैसे पडत होते, त्यामुळे थट्टेखोर दूर राहिले. दोन, कोणालाही दुसऱ्याचा आकडा दाखवला नव्हता. शिवाय शेवटी बैल तराजूवर चढला. या तिसऱ्या गोष्टीकडे मी परत येणार आहे.

दुसऱ्याचा आकडा दाखवला की काय होते? २०११ मध्ये झुरिकला यान लोरेन्झ आणि सहकाऱ्यांनी १४४ विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. प्रश्न स्वित्झर्लंडच्या आकडेवारीचे. काहींना इतरांची उत्तरे दाखवली आणि पुन्हा उत्तर मागितले. उत्तरे एकमेकांजवळ सरकली. एकूण चूक काही कमी झाली नाही. वाढला तो त्यांचा आत्मविश्वास. डेल्फीवर पहिला मोठा हल्ला तर घरातूनच झाला होता. रँडच्याच हॅरल्ड सॅकमनने १९७५ मध्ये पुस्तक लिहून विचारले की हे एकमत कशाचे, ज्ञानाचे की दबावाचे?

मी स्वतः साक्षीला उभा राहतो. काही वर्षांपूर्वी अभ्यासक्रमाच्या एका पाहणीत मला तज्ज्ञ म्हणून घेतले होते. एका विधानाला मी नवांपैकी तीन गुण दिले. दुसऱ्या फेरीत कागद आला: मध्यक सात, तुमचा गुण तीन, बदलायचा असल्यास बदला, नसल्यास कारण लिहा. कारण लिहायला अर्धे पान कोरे ठेवले होते. रात्री दहा वाजले होते. मी सहा केले आणि झोपलो. नवी माहिती मिळाली नव्हती, कोणी समजावलेही नव्हते. अर्धे पान लिहायचा कंटाळा, एवढेच. अहवालात मात्र माझी नोंद 'मतैक्याकडे वाटचाल' अशी झाली असणार.

या दुखण्यावर औषध शोधायला वैद्यकाने सर्वांत आधी सुरुवात केली, कारण त्यांना दुसऱ्या दिवशी रोगी तपासायचा असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९७७ मध्ये जाहीर मतैक्य परिषदा सुरू केल्या. पहिली स्तनाच्या कर्करोगाच्या तपासणीवर होती. २०१३ मध्ये हा कार्यक्रम बंद झाला, कारण तोवर पुराव्यांचा पद्धतशीर आढावा घेणाऱ्या इतर संस्था उभ्या राहिल्या होत्या. मला त्याहून आवडते ती रँड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने मिळून बांधलेली 'उचितता' पद्धत. अमुक रोग्याला अमुक शस्त्रक्रिया योग्य का, याला तज्ज्ञ एक ते नऊ गुण देतात, मग समोरासमोर बसून चर्चा करतात आणि पुन्हा गुण देतात. एकमत व्हावे असा आग्रह धरायचा नाही, हा तिचा नियम. नऊ जणांत तीन जण खालच्या तिसऱ्या हिश्शात आणि तीन जण वरच्या तिसऱ्या हिश्शात असतील तर सरळ लिहायचे: मतभेद. मतभेद हा निकालाचा एक प्रकार म्हणून मानाने छापायचा. तिथेच एक गोष्ट पुन्हापुन्हा दिसली. जे ती शस्त्रक्रिया स्वतः करतात, ते तिला इतरांपेक्षा जास्त गुण देतात. न्हाव्याला विचारू नये की केस वाढलेत का, हे आपल्याला ठाऊक होतेच, पण ते आकड्यात दिसले की समितीत कोणाला घ्यायचे याचा विचार बदलतो.

आता आजच्या संशोधनाकडे. पहिला प्रवाह घर झाडून काढण्याचा आहे. २०१४ मध्ये डायमंड आणि सहकाऱ्यांनी १०० डेल्फी अभ्यास तपासले. ९८ अभ्यासांना मतैक्य मोजायचे होते. मतैक्य कशाला म्हणायचे याची व्याख्या सापडली ७२ मध्ये. व्याख्या टक्क्यांत असेल तिथे उंबरठा बहुधा ७५ टक्क्यांच्या आसपास, आणि पंचाहत्तरच का, याला फारसे उत्तर नाही. आपल्याकडे ३५ गुणांना पास का, याला जेवढे आहे तेवढेच. अशा पाहण्यांनंतर अहवाल कसा लिहावा याच्या याद्या निघाल्या. २०२४ मध्ये 'अकॉर्ड' नावाची यादी आली. पॅनेल कसे निवडले, फेऱ्या किती, उंबरठा आधी ठरवला की आकडे पाहून, हे सगळे लिहा, असे ती सांगते. काम रुक्ष आहे, पण त्याच्याशिवाय पुढे जाता येणार नाही. चांगला नमुना हवा असेल तर कोविडवरची २०२२ ची मोठी डेल्फी पाहा. ११२ देश-प्रदेशांतले ३८६ तज्ज्ञ आणि ४१ विधाने, आणि प्रत्येक विधानाला किती टक्के सहमत, किती असहमत, हे उघड छापलेले.

दुसरा प्रवाह गणिताचा. संदिग्ध संच, दुव्यांची जाळी, मत बदलायला लावण्याचा किमान खर्च, हजारो माणसांचा समूहनिर्णय, अशा विषयांवर दर महिन्याला निबंधांचा पाऊस पडतो. गणित देखणे असते. पण निबंधाच्या शेवटी उदाहरण येते ते चार तज्ज्ञ आणि तीन पुरवठादारांचे, आणि चारही तज्ज्ञांचे आकडे लेखकानेच बसवलेले. इथल्या तरुणांना माझे सांगणे आहे की पुढच्या निबंधात निदान एक तज्ज्ञ जिवंत असू द्या.

तिसरा प्रवाह मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याकडे जायला पुन्हा चावडीत यावे लागेल. पैसेवारीची गोष्ट मी अर्धवट सोडली होती. नजर पैसेवारी ही पहिली फेरी. मग सुधारित आणि शेवटी अंतिम. अंतिम पैसेवारीला आधार पीक कापणी प्रयोगाचा. सोडत काढल्यासारखे शेत निवडायचे, शेतातला तुकडाही तसाच निवडायचा, दोरी लावून पीक कापायचे, मळायचे, तोलायचे. ही पद्धत देशभर बसवण्यात साताऱ्याच्या मातीतले पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि त्यांचे सहकारी वि. गो. पानसे यांचा मोठा वाटा. त्यांच्याआधी देशाच्या धान्याचा हिशेब बहुतांशी गावकामगाराच्या डोळ्यावर चालत होता: नेहमीचे उत्पन्न गुणिले आण्यांतला अंदाज. सुखात्म्यांचे संख्याशास्त्र आपण सगळे शिकवतो. मला त्यातला नैतिक भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी तलाठ्याला खोटे ठरवले नाही, त्याच्या डोळ्यासमोर तराजू आणून ठेवला. वडील एखाद्या वर्षी प्रयोगाचा आकडा आला की आपल्या नजर अंदाजाशी ताडून पाहत आणि म्हणत, "औंदा डोळा चुकला." पुढच्या वर्षी तो डोळा जरा सावध असे.

तज्ज्ञांच्या डोळ्यासमोर असा तराजू कोणी ठेवला? नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या रॉजर कुक यांनी. डेल्फीच्या शेजारी डेल्फ्ट यावे हा योगायोग मला गमतीचा वाटतो. त्यांची रीत अशी. खऱ्या प्रश्नांबरोबर त्याच क्षेत्रातले असे काही प्रश्न विचारायचे, ज्यांची उत्तरे विचारणाऱ्याकडे आहेत किंवा लवकरच येणार आहेत. तज्ज्ञाने एक आकडा द्यायचा नाही, पट्टा द्यायचा: याच्या खाली असण्याची शक्यता पाच टक्के, हा मधला, याच्या वर असण्याची पाच टक्के. मग पाहायचे की खरी उत्तरे त्या पट्ट्यांत किती वेळा पडतात. नव्वद टक्के वेळा पडायला हवीत. पुष्कळ नामवंतांच्या बाबतीत त्याहून कितीतरी कमी वेळा पडतात. मग ज्याचा कस लागतो त्याच्या मताला वजन जास्त. २००८ मध्ये कुक आणि गूसेन्स यांनी अशा ४५ अभ्यासांचा संग्रह प्रसिद्ध केला. कॅरिबियन समुद्रातल्या माँटसेरात बेटावर १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला, तेव्हा विली ॲस्पिनॉल यांनी हीच रीत वापरून शास्त्रज्ञांची मते एकत्र केली. तिथे एकमतासाठी थांबायला वेळ नव्हता. सरकारला कुठल्या वस्त्या रिकाम्या करायच्या ते ठरवायचे होते.

फिलिप टेटलॉक यांनी तराजू राजकीय पंडितांसमोर ठेवला. वीसेक वर्षे २८४ तज्ज्ञांची भाकिते वहीत लिहून ठेवली, वेळ भरल्यावर तपासली आणि २००५ मध्ये पुस्तक काढले. वर्तमानपत्रांत ज्यांना जास्त बोलावणे, त्यांची भाकिते सरस नव्हती, उलट जरा कमीच भरली. हे वाचून आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या रात्रीच्या चर्चांमध्ये काही फरक पडेल अशी आशा मी बाळगत नाही.

आकड्यांचा आग्रह का, असे कोणी विचारील. शब्द निसरडे असतात म्हणून. १९५१ मध्ये अमेरिकी गुप्तवार्ता खात्याच्या अहवालात युगोस्लाव्हियावर हल्ल्याची 'गंभीर शक्यता' आहे असे लिहिले होते. शर्मन केंट यांनी नंतर तो लिहिणाऱ्या सहकाऱ्यांनाच विचारले, म्हणजे किती? कोणाच्या मनात वीस टक्के, कोणाच्या ऐंशी. सह्या सगळ्यांच्या! आपल्या मराठीत 'शक्यता नाकारता येत नाही' हे वाक्य याच जातीचे. त्यात कोणी कधी चुकत नाही. या बाबतीत आपल्या हवामान खात्याला दाद द्यायला हवी. 'तुरळक ठिकाणी पाऊस' म्हणजे पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे पन्नासपर्यंत, असे त्यांचे शब्द आकड्यांना बांधलेले आहेत. लोक हसतात, पण हसायला तरी काहीतरी ठोस हाती लागते.

एका नव्या गोष्टीचा उल्लेख टाळता येणार नाही. भाषेची यंत्रे हाती आल्यापासून काही संशोधक तज्ज्ञांऐवजी यंत्राचीच दहा रूपे करून त्यांची डेल्फी चालवू लागले आहेत. तू हृदयरोगतज्ज्ञ, तू परिचारिका, तू अर्थतज्ज्ञ, असे सांगायचे आणि मते गोळा करायची. मुद्दे सुचवायला, हजारो शेऱ्यांची वर्गवारी करायला यंत्र उपयोगी आहे, मीही वापरतो. पण एकाच शाळेत, एकाच बाकावर, एकच पुस्तक वाचलेल्या दहा जणांचे एकमत म्हणजे दहा मते होत नाहीत. चूक एकाची असेल तर दहांची असेल. सहसंबंध शिकवणाऱ्या लोकांना हे मी सांगायला नको.

आता आपल्या दारातले उदाहरण. पश्चिम घाटावर दोन तज्ज्ञ समित्या झाल्या. माधव गाडगीळ यांच्या गटाने ऑगस्ट २०११ मध्ये संपूर्ण घाट संवेदनशील मानून त्याचे तीन स्तर केले. कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये सुमारे ३७ टक्के क्षेत्र संवेदनशील ठरवले. लोकांनी विचारले, तज्ज्ञांनाच एकमत नाही, तर आम्ही कोणाचे ऐकायचे? सिंधुदुर्गापासून इडुक्कीपर्यंत या प्रश्नाचा ज्याने त्याने आपल्या सोयीने उपयोग केला. पण दोघांनी मोजले काय ते पाहा. एकाने सगळ्या घाटावर चौकटी आखून प्रत्येकीला गुण दिले. दुसऱ्याने शेती-वस्तीचा 'सांस्कृतिक' भूभाग आधी बाजूला काढला आणि उरलेल्या नैसर्गिक भागातला बहुतेक भाग घेतला. प्रश्न वेगळे होते, म्हणून उत्तरे वेगळी आली. हा फरक एका पानात, साध्या मराठीत, गावागावांत वाटला असता तर भांडण मिटले असते असे मी म्हणत नाही. निदान ते योग्य जागी झाले असते. शास्त्रीय मतभेद कुठे संपतो आणि आवडीनिवडीचा कुठे सुरू होतो, ही रेघ दाखवण्याचे काम आपल्या व्यवसायाचे होते. आपण ते केले नाही, आणि त्या 'आपण'मध्ये मीही आहे.

पाचामुखी परमेश्वर असे आपण म्हणतो. पाचांनी पाच तोंडांनी बोलावे, अशी त्यात अट आहे. एकाने बोलून चौघांनी माना डोलावल्या तर मुख एकच. आपल्या समित्यांची इतिवृत्ते काढून पाहा. विद्यापीठाची अभ्यास मंडळे, पाठ्यपुस्तकांच्या, परिभाषेच्या, निवडीच्या समित्या. 'सर्वानुमते ठरले' हे शब्द किती वेळा येतात आणि 'दोघांचे मत वेगळे होते, ते असे' हे किती वेळा, ते कोणीतरी विद्यार्थ्याला मोजायला द्या. प्रबंधाला हा विषय चांगला आहे आणि वीस तज्ज्ञ शोधायला नकोत.

उपदेश इतकाच पुरे, आता काम. तुमच्या पिशवीत स्मरणिकेबरोबर दोन कोरी कार्डे आहेत. पहिले उद्याच्या ठरावांसाठी. ठराव क्रमांक लिहा, शून्य ते शंभरमध्ये तुमची सहमती लिहा, नाव लिहू नका. उद्याची चर्चा आकडे फळ्यावर मांडल्यानंतर सुरू होईल, आणि टोकाचे आकडे ज्यांचे असतील त्यांना आधी बोलायची विनंती करीन. विरोधी मते कारणांसकट इतिवृत्तात जातील, हे मी चिटणिसांकडून कबूल करून घेतले आहे. दुसऱ्या कार्डावर मात्र नाव लिहा. प्रश्न एकच: पुढच्या वर्षीच्या परिषदेला किती प्रतिनिधी येतील? एक आकडा नको, पट्टा द्या, पाच टक्के खाली, पाच टक्के वर. उत्तर पुढच्या वर्षी नोंदणीच्या टेबलावर मिळेल आणि सगळ्यांची कार्डे तिथेच भिंतीवर लावू. माझे कार्ड मी सकाळीच टाकले आहे. पेटी दाराशी डाव्या हाताला आहे, आणि जेवण साडेबाराला. कृपया शेजाऱ्याच्या कार्डात डोकावू नका.